कळशीतला आवाज

केंदूरच्या सम्राट साळवेला परग्रहावरच्या लोकांची फार काळजी. बत्तीस वर्षांचा झाला, लग्नाचं जमत नाही, त्याची काळजी त्याच्या आईला. पावसाळ्यात घराच्या मागच्या भिंतीला ओल येते, तिची काळजीही आईलाच. याला काळजी कसली, तर एवढ्या मोठ्या आभाळात आपल्यासारखं दुसरं कुणी आहे का, आणि असलं तर ते बोलत का नाही. जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून हा गडी मध्येच थांबायचा. भागुबाई, म्हणजे त्याची आई, समजून जायची की स्वारी पुन्हा वर गेली. "कालवण निवतंय," एवढंच ती म्हणायची.

खूळ लहानपणचं. गावातल्या विहाराला लागून अभ्यासिका आहे. तिथल्या एका कपाटात कुणीतरी दान दिलेल्या विज्ञानकथा होत्या. बाकीची पोरं स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उघडून बसायची आणि हा त्या कपाटाला पाठ टेकून दुसऱ्या सूर्याभोवती फिरणाऱ्या गावांच्या गोष्टी वाचायचा. कपाट संपलं, भूक राहिली. पुढं पाबळला जाऊन हातचं तांत्रिक काम शिकला आणि कोरेगाव भीमाजवळच्या एका कंपनीत क्वालिटीला लागला. गाड्यांचे सुटे भाग हातात घेऊन बघायचे, चांगला इकडं, खराब तिकडं. डोळे कामाला, डोकं मोकळं. त्या मोकळ्या डोक्यात काय चालतं ते ऐकायला कंपनीत कुणी नव्हतं. शेजारच्या मशीनवरची बिहारची पोरं भली होती, पण जेवणाच्या सुट्टीत "भाई, एलियन से बात हुई क्या?" यापलीकडं त्यांना विषयात गोडी नव्हती.

म्हणून तो मोबाईलशी बोलायला लागला. दर रविवारी सकाळी आतल्या खोलीचं दार लावायचं, पंखा बंद करायचा, आईला भांडी वाजवू नको म्हणायचं आणि पाऊण तास बोलायचं. ते नेटवर चढवायचं, कुणीही फुकट ऐकावं. चॅनेलचं नाव ठेवलं 'दूरचं कुणी'. गावाच्या ग्रुपवर लिंक टाकली तेव्हा दोन अंगठे आले आणि लगेच खाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर आला. झालं, एवढंच स्वागत.

बोलायचा मात्र चांगला, ते कबूल केलं पाहिजे. घाई अजिबात नाही. एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं. श्वास घ्यायचा, पुन्हा बोलायचं. अशा थांबण्यानं बोलण्याला वजन येतं असं त्याचं मत होतं. विषय हजार असले तरी फिरून यायचे तिथंच. "आपण रेडिओवर बोलायला लागून शंभर-सव्वाशे वर्षं झाली," तो सांगायचा. "आपला आवाज आभाळात जिथवर पोचलाय, तो भाग आपल्या आकाशगंगेत केवढा? जिल्ह्याच्या नकाशावर एखादी वस्ती असते, तेवढा. एवढ्यावर आपण म्हणतो, कुणी उत्तर देत नाही. अहो, अजून वेस ओलांडली नाही."

त्याचा आवडता विचार लाईटीचा होता. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. ज्याची पाळी दिवसा त्याची मोटार दिवसा चालते, दुसरा तेव्हा झोपलेला असतो. तसंच वरती असणार, असं तो म्हणायचा. तिकडच्यांची लाईट आली, ते बोलले, वाट बघून दमले आणि विझले, तेव्हा इकडं नुसती झाडं आणि जनावरं होती. आता आपली लाईट आलीय तर तिकडं अंधार. दोघांची पाळी एका वेळेला आल्याशिवाय गाठ पडायची कशी? खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणी तो विज्ञान दिनाला दोनदा बघून आला होता. तिथून परतताना गाडीवर त्याच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, पण ते वाऱ्यानं आलं असं त्यानं स्वतःला सांगितलं.

एकदा, हे सगळं नवं होतं तेव्हा, भागुबाई उंबऱ्यावर मेथी निवडत बसली होती. दार उघडं राहिलेलं, त्याचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं. तो बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "ते लांबचं लोक बोललं, तर आपल्याला कळंल का रं?"

सम्राट मोबाईलमध्ये मान घालून होता. "तुला नाय कळायचं, आई," तो म्हणाला.

ती मेथी घेऊन उठली आणि शेळीकडं गेली. सम्राट संध्याकाळपर्यंत हे विसरूनही गेला. असली वाक्यं बोलणारा नेहमीच विसरतो.

पहिलं वर्ष कोरडं गेलं. दुसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, आकडा हलायला लागला. आधी थोडा, मग बऱ्यापैकी. ऐकणारे बहुतेक शिरूर तालुक्यातले, काही दौंडकडचे. आणि ऐकणं कसं, तर एकच भाग दिवसातून तीन-तीन, चार-चार वेळा. तोही शेवटपर्यंत, मध्ये सोडून दिलाय असं नाही. सम्राट हरखला. कंपनीत चांगला भाग खराबाच्या खोक्यात टाकला म्हणून सुपरवायझरचं ऐकून घेतलं, तरी हसत होता.

पण एक शब्द कुणी लिहिला नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी तो थांबायचा आणि विचारायचा, "ऐकणारं कुणी आहे का? असाल तर 'आहे' एवढंच कळवा." बाकी काही मागितलं नव्हतं. लिहायला पैसे पडत नाहीत, नाव द्यावं लागत नाही. तरी खाली पाटी कोरी.

मग त्यानं वरच्यांना लावायचे ते सगळे हिशोब खालच्यांना लावले. अंतर म्हणावं, तर शिरूर किती लांब? भाषा म्हणावी, तर मराठीच. कदाचित त्यांना लिहिता येत नसेल. कदाचित त्यांचं उत्तर देण्याचं साधनच वेगळं असेल. कदाचित एखाद्या दुकानात फोन चालू राहत असेल आणि ऐकणारं कुणी नसेलच. हा शेवटचा विचार आला की त्याला रात्रीचं जेवण जायचं नाही. इतकी वर्षं आभाळ गप्प आहे म्हणून लोकांची समजूत काढणारा माणूस, त्याला तालुका गप्प आहे हे सोसेना. कुणीतरी एकानं ऐकतोय म्हणावं, एवढ्यातच त्याचा जीव अडकला होता. नाहीतर बंद करून टाकायचं, असं त्यानं ठरवून टाकलं.

आणि ठरवल्यावर माणूस जसा करतो तसं, बंद करण्याआधी एक रागाचा भाग काढला. कांदालागणीचे दिवस होते, जानेवारी. त्या रविवारी तो बोलला ते असं, की आभाळ रिकामं नसेलही. तिथं सगळे शहाणे असतील, म्हणून गप्प असतील. आपण कुठं आहोत ते ओरडून सांगू नये, असं म्हणणारे शास्त्रज्ञही आहेत. "मोठं जनावर जवळ असलं की लहान जनावर आवाज करत नाही," तो म्हणाला आणि थांबला. "ससा ओरडत नाही. ज्याला जगायचंय त्यानं गप पडून राहावं." शेवटी नेहमीचा प्रश्न त्यानं विचारला नाही. ज्यांना बोलायचं नाही त्यांना विचारायचं कशाला? भाग चढवला, मोबाईल उशाखाली टाकला आणि दुपारभर झोपला.

सोमवारी त्याची पहिली पाळी. चारला घरी आला, चहा करून प्याला, शेळीला पाणी पाजलं. दिवस कलला तरी आई आली नव्हती. ती सगुणाबाईच्या टोळीबरोबर कांदे लावायला जायची. दहा-बारा बायका, आज याच्या रानात, उद्या त्याच्या. सहसा उजेडात परत यायच्या. आता पार दिवेलागण झाली, तेव्हा दारात मोटारसायकल थांबली. सगुणाबाईचा पुतण्या चालवत होता, मध्ये भागुबाई आणि मागं तिला धरून सगुणाबाई. भागुबाईचा उजवा घोटा सुजून टम्म झाला होता. लुगड्याला चिखल, केसात मकेचा पाला.

सम्राटनं आईला उचलून आत नेऊन खाटेवर बसवलं. सगुणाबाई दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. टोळीची मुकादम, आवाज असा की एका बांधावरून बोलली तर दुसऱ्यावर हातातलं काम थांबावं.

"आज का न्हाई इचारलंस?" तिनं थेट त्यालाच धरलं.

"काय विचारलं नाही?"

"शेवटाला इचारतोस त्ये. कुणी हाय का म्हणून."

तो प्रश्न या बाईच्या तोंडून ऐकू येईल असं सम्राटला स्वप्नातही वाटलं नव्हतं. "मावशी, तुम्ही ते ऐकता?"

"आम्ही न्हाई, बिबट्या ऐकतो," सगुणाबाई म्हणाली आणि उंबऱ्यावर टेकली. "बस खाली, सांगते."

तिनं सांगितलं ते एवढं. उसाच्या कडंला कांदे लावायचे म्हणजे दिवसभर उकिडवं बसायचं. उकिडवं माणूस बिबट्याला शेरडागत दिसतं. माणसाचा आवाज असला की तो जरा लांब राहतो. पलीकडच्या गावांत बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जातात, पण तसला पट्टा घालून वाकता येत नाही. मग आधी मोबाईलवर गाणी लावून बघितली. गाण्यानं एकमेकींचं काही ऐकू येईना, आणि बिबट्या गाण्याला सरावला असंही वाटायला लागलं. मग गावाच्या ग्रुपवर ह्याचं बोलणं सापडलं. एक रिकामी कळशी बांधावर ठेवायची, त्यात मोबाईल सोडायचा, आवाज घुमून पार पलीकडच्या वाफ्यापर्यंत जातो.

"तुझं कसं, तू बोलतोस आन् थांबतोस," ती म्हणाली. "थांबलास की उसात काय खसखसलं तर कानावर येतं. गाणं थांबत न्हाई. माझी लेक दौंडकडं दिलीय, तिकडं तर नुसता ऊस. तिला बी पाठवलंय."

सम्राटच्या तोंडाची चव गेली. इतकी वर्षं वाचलेलं, विचार करकरून झिजलेलं डोकं, आणि त्याचं झालं काय, तर बुजगावणं. "म्हणजे नुसतं लावून ठेवता. ऐकत कुणी नाही."

"आता कानावर पडतं त्ये पडतं," सगुणाबाई म्हणाली. "अनसाबाईला तुझ्या आवाजानं झोप येती, तिला चिमटं काढावं लागत्यात. त्ये ऱ्हाऊ दे. मी काय सांगते ते ऐक. तू शेवटाला इचारलंस की आम्ही एकेक जण जिथं असंल तिथनं 'हाय' म्हणतो. जिचं आलं न्हाई तिला हुडकायची, मगच कळशी उचलायची. त्येच आमचं गणित. आज सांजच्याला तुझं नवीन लावलं. तू इचारलंच न्हाईस. आम्हाला वाटलं थांबला असंल, पुन्यांदा बोलंल. मग बघितलं तर संपलेलं. आवराआवर केली, गप्पा मारत निघालो. कोण पुढं, कोण मागं, कुणाला ध्यान? वढ्यापाशी आल्यावर अनसाबाई म्हणाली, भागा कुठंय?"

भागा मकेत होती. शेळीला चार ताटं मोडून आणावीत म्हणून शिरली होती, आणि पाण्याच्या चारीत पाय जाऊन पडली.

"आन् ह्या बयेला हाका मारून मारून आमचा घसा बसला, तर ही ओ देईना. कळशी बडवत, ब्याटऱ्या घिऊन सगळ्या मागं गेलो, तवा घावली. कडंच्या मातीत पंजा उमटल्याला. ताजा का कालचा, त्ये मला कळत न्हाई." सगुणाबाई उठली. "इचारायचं सोडू नगंस, बाबा. बाकी तुला काय बोलायचं त्ये बोल."

ती गेली. सम्राटनं पाणी तापवलं, हळद उगाळली, आईच्या घोट्याला लेप दिला. चिंधी बांधून झाल्यावर त्यानं विचारलं, "आई, त्या हाका मारत होत्या, तू ओ का दिली नाहीस?"

भागुबाईनं पायाकडं बघितलं. "तूच म्हणलास की."

"मी?"

"मी पडले. वरडणार, तेवढ्यात कळशीतनं तुझा आवाज आला. मोठं जनावर जवळ असलं की लहान जनावर आवाज करत न्हाई. ससा वरडत न्हाई. मकेत खसखस चाललीच व्हती. म्हणलं, पोरगं एवढा अभ्यास करून सांगतंय, तर गप पडून ऱ्हावं."

सम्राटनं रागाच्या भरात बोललेलं एक वाक्य त्याच्या आईनं मकेत पडल्या पडल्या पाळलं होतं, आणि रस्त्यावरून हाका येत होत्या तरी पाळलं होतं. तो पंजा ताजा असला तर? त्याला पुढचं मनातही आणवेना. आणि त्या भीतीच्या खालीच त्याला आनंद झाला, की ही ऐकत होती. लगेच त्या आनंदाची त्याला लाज वाटली. पाय सुजलेल्या आईसमोर बसून माणसानं असला आनंद करू नये, पण झाला तो झाला.

"तू ऐकतेस ते मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कुठं इचारलंस?" भागुबाई म्हणाली आणि शेळीचं दूध काढायचं राहिलंय ते तिनं त्याला सांगितलं.

त्या आठवड्यात सम्राटनं कंपनीत दोनदा खराब भाग चांगल्याच्या खोक्यात टाकला. हातातला लोखंडाचा तुकडा फिरवत तो एकच गोष्ट उलटीसुलटी करून बघत होता. गप राहावं असं म्हणणारे काही मूर्ख नव्हेत. आभाळात कोण असेल, कसं असेल, कुणी सांगावं? आपल्याहून लाख वर्षं पुढं गेलेल्याला आपण माणूस दिसू की शेरडू, हेही ठाऊक नाही. आपली हाक ऐकून मदत येईल, का पंजा येईल? पुस्तकांत दोन्ही येतात. पुस्तक लिहिणाऱ्याला निवडता येतं.

पण मकेतलं काही निवडता येत नव्हतं. खसखसणारं जे होतं ते होतंच. आई गप्प राहिली म्हणून ते टळलं असेल, किंवा ते नुसतं कुत्रं असेल, किंवा वारा. एवढं मात्र नक्की की ती गप्प राहिली म्हणून हुडकायला आलेल्या बायकांनाही ती सापडत नव्हती. गप्प बसणारा जनावरापासून लपतो, तसा माणसांपासूनही लपतो. हे त्याला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. तो त्या विचारापाशी पुन्हा पुन्हा येत राहिला.

चॅनेल बंद करायचा विचार त्यानं सोडला, पण उत्साहानं सोडला असंही नाही. बायकांना मोजणीसाठी प्रश्न लागतो, तर तो देणं भाग आहे. बुजगावणं तर बुजगावणं. निदान उपयोगाचं बुजगावणं.

रविवारी दार उघडं ठेवून तो बोलायला बसला. भागुबाई लंगडत उठली आणि चुलीजवळचं पातेलं उचलून अलगद खाली ठेवायला लागली.

"वाजव ग, काय होत नाही," तो म्हणाला.

त्या भागात त्यानं मागचं बोलणं मागं घेतलं. गोलमाल न करता सांगितलं, की मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं, कुणी गप पडून राहू नका. अडचणीत असाल तर ओरडा. आभाळाचंही मला असंच वाटतं. भीती खरी आहे. पण कुणी आपल्याला हुडकत असेल आणि आपण श्वास रोखून बसलो, तर ते शेजारून निघून जाईल आणि दोघंही म्हणतील, इथं कुणी नव्हतं. पाठीमागं शेळी ओरडली, पातेलं वाजलं, ते सगळं त्यानं तसंच राहू दिलं. शेवटी थांबला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

भागुबाईच्या पायाची सूज उतरायला आणखी काही दिवस गेले. ती पुन्हा कामाला लागली त्या दिवशी सम्राट पाळी सुटल्यावर घरी न जाता तसाच रानाकडं गेला. गाडी रस्त्यावर लावली आणि बांधानं चालत उसाच्या कोपऱ्याशी आला. पुढं उघडं रान, ओल्या मातीचे वाफे. बायका पाठ करून रांगेनं बसल्या होत्या, कांद्याची रोपं चिखलात खोचत मागं सरकत होत्या. बांधावर कळशी. कळशीतून त्याचा स्वतःचा आवाज येत होता, जरा जाड, जरा घुमलेला, ओळखीचा असून अनोळखी. आपण इतके सावकाश बोलतो हे त्याला पहिल्यांदा कळलं. तो हाक मारणार होता, पण मारली नाही. त्याला एकदा बघायचं होतं.

कळशीतला सम्राट बोलला आणि थांबला. बायकांचे हात थांबले नाहीत, पण दोघी-तिघींच्या माना उसाकडं वळल्या आणि परत फिरल्या. खरंच, त्या थांबण्यात उसाचं पान पानाला घासलेलं ऐकू येत होतं.

"लईच लांबण लावतो," एक म्हातारी म्हणाली. ती अनसाबाई असणार, कारण शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं.

आवाज पुढं चालला. भीती खरी आहे, म्हणाला. शेळी ओरडली तेव्हा एकजण म्हणाली, "भागा, तुझी शेरडी." पातेलं वाजलं. सम्राट उसाच्या कडेला उभा राहून वाट बघत होता. काय होणार ते त्याला माहीत होतं, सगुणाबाईनं सांगितलं होतं. पण माहीत असणं वेगळं आणि कानानं ऐकणं वेगळं.

"ऐकणारं कुणी आहे का?" कळशीतून आलं. "असाल तर 'आहे' एवढंच कळवा."

"हाय," पहिल्या वाफ्यातून सगुणाबाई म्हणाली.

"हाय," तिच्या पलीकडची.

"हाय." "हाय." पाटाच्या कडेला हातपाय धुणारी एक म्हणाली, "हाय गं बाई." अनसाबाईचं "हाय" जांभईतून आलं. कुणी मान वर केली नाही, कुणी काम सोडलं नाही. रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक आवाज निघत गेला. सम्राटनं दोन वर्षं जो शब्द मागितला होता तो इथं रोज मिळत होता, दिवसातून तीन-तीन, चार-चार वेळा. ऐकायला फक्त तोच इथं नव्हता.

सगळ्यात शेवटी, रोपांच्या पाटीजवळून, भागुबाई म्हणाली.

"हाय," ती म्हणाली. "आन् कळतं बी."

बायका हसल्या नाहीत की वळल्या नाहीत, म्हणजे हेही रोजचंच असणार. सगुणाबाईनं नुसती मान हलवली, "भरल्या सगळ्या" म्हणाली आणि कळशी उचलली.

सम्राटला उंबरा आठवला. मेथी निवडणारे हात आठवले. आपण मोबाईलमधून मान वर न करता काय बोललो होतो तेही आठवलं, आणि तिनं काय विचारलं होतं तेही. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. वारा नव्हता.

तो बांधावरून खाली उतरला, चिखलातून चालत गेला आणि आईच्या हातातली पाटी घेतली.

"कवा आलास?" भागुबाईनं विचारलं.

"आत्ताच."

बायका पुढं निघाल्या. ती लंगडत होती म्हणून दोघं जरा मागं राहिले. ओढा आला तेव्हा तो म्हणाला, "आई, ते लांबचे लोक बोलले तर आपल्याला कळंल का, असं तू मला एकदा विचारलं होतंस."

"मग?"

"मला माहीत नाही. अजून कुणालाच माहीत नाही."

भागुबाईनं त्याच्या खांद्याला धरून दुखरा पाय ओढ्याच्या दगडावर ठेवला, मग दुसरा ठेवला.

"मग तवाच तसं सांगायचं व्हतंस," ती म्हणाली.